कोकणातली हवा हार्ड डिस्क खाते का?

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "कोकणात घरच्या मीडिया सर्व्हरला हार्ड डिस्क घेऊ नका. खाऱ्या, दमट हवेत ती दोन पावसाळे काढत नाही. फोरके पिक्चरही तिच्यावर अडकतो. एसएसडीच घ्या, दोन घेऊन मिरर करा, मग बॅकअपची कटकट नाही." (मीडिया सर्व्हर म्हणजे पिक्चर-गाणी साठवून घरभर दाखवणारा कॉम्प्युटर, एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि मिरर म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणं.) मालवणातल्या माझ्या एका मित्राने हे वाचून ४ टीबीच्या डिस्कऐवजी १ टीबीची एसएसडी घेतली आणि जागा पुरेना म्हणून दशावताराची जुनी रेकॉर्डिंग पुसली. म्हणून हे लिहितोय.

आधी दमटपणा. साध्या डिस्कला हवेचा दाब सांभाळायला एक बारीक भोक असतं आणि त्याला आतून फिल्टर. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्क तर हेलियम भरून पक्क्या बंद केलेल्या असतात, बाहेरची हवा आत शिरतच नाही. नॅससाठीच्या, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सतत चालू राहणाऱ्या साठवणीच्या डब्यासाठीच्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण ५ ते ९५ टक्के आर्द्रता चालते असं दिलेलं असतं. अट एकच, पाणी धरता कामा नये. सतत चालू असलेली डिस्क कोमट राहते, तिला ओल धरत नाही. एसीच्या खोलीतून उचलून थेट पडवीत आणलीत तर मात्र धरेल.

खारा वारा खातो तो बाहेरचा धातू. गेल्या श्रावणात माझ्याकडे फाइली मध्येच थांबायला लागल्या. डिस्क गेली असं धरूनच स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडले. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागा, दाखवणारे ५ आणि १९७ नंबरचे आकडे दोन्ही शून्य, १९९ नंबरचा मात्र रोज वाढतोय. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो. या दोघांना जोडणारी साटा केबल उपसली, तर पिनांवर हिरवट थर. केबल बदलली, डिस्ककडची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आणि आकडा होता तिथे थांबला. तो मागे येत नाही, वाढायचा थांबला की झालं. साटाच्या एसएसडीलाही हाच कनेक्टर असतो, म्हणजे ती घेऊनही हे टळत नाही.

वेगाचं थोडक्यात. फोरके ब्लू-रेचा प्रवाह जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हळू डिस्कही सलग वाचताना याच्या कितीतरी पट देते. पिक्चर अडकतो तो बहुतेक वेळा चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडच्या वाय-फायमुळे, नाहीतर ट्रान्सकोडिंगमुळे, म्हणजे सर्व्हरला पिक्चर दाखवता दाखवताच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावा लागतो त्यामुळे. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी छोटी एसएसडी जरूर घ्या, पण पिक्चरांसाठी तिच्यावर पैसे घालू नका.

सगळ्यात घातक वाक्य मिररचं आहे. मिररमुळे एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो, एवढंच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी एका डब्यातल्या दोन डिस्क एकत्रच बुडतात. मिरर करायचाच असेल तर सीएमआर डिस्क बघून घ्या, म्हणजे जिच्यावर डेटाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिल्या जातात ती; एसएमआरमध्ये त्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. एसएमआर डिस्कवर एकदा भरून ठेवलेले पिक्चर ठीक चालतात, पण डिस्क बदलून मिरर पुन्हा भरताना ती फार रखडते.

म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, आणि तीही हार्ड डिस्कवर. खूप वापरलेली एसएसडी विजेविना, उकाड्यात कपाटात पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरायला लागतो. माझी प्रत पुण्याला बहिणीकडे असते. गणपतीला येताना ती डिस्क घेऊन येते, गौरी जाईपर्यंत नवं सगळं कॉपी होतं आणि परतताना डिस्क बहिणीच्याच पिशवीतून जाते.