आरोग्याचा सगळा पैसा केंद्राचाच? एका मजकुराचा प्रतिवाद

सरकारी दवाखाने केंद्राच्या पैशावर चालतात, राज्ये तो केवळ वाटतात, आणि दरवर्षी निधी अखर्चित राहतो त्या अर्थी चणचण नाहीच, अशा आशयाचा एक मजकूर बराच फिरतो आहे.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे राज्यसूचीतील विषय आहेत, आणि खर्चाचा मोठा भारही राज्यांवरच आहे. २०१९-२० मध्ये सरकारी आरोग्यखर्चातील राज्यांचा वाटा सुमारे ६४ टक्के होता. ज्याला लोक 'केंद्राचा पैसा' म्हणतात तो मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा, आणि तोही निव्वळ केंद्राचा नव्हे: २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांत केंद्राच्या ६० रुपयांमागे राज्याला ४० रुपये घालावे लागतात, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९०:१० आहे. त्याआधी बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के होता. अर्थात, त्याच सुमारास केंद्र-राज्यांतील करांची वाटणी सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर गेला, म्हणजे राज्यांच्या हाती पैसाही अधिक आला, हेही नोंदवायला हवे.

राज्ये केवळ वाटप करतात, हेही खरे नाही. अभियानाचा पैसा कशावर खर्च करायचा याचा आराखडा, म्हणजे कार्यालयीन भाषेत 'पीआयपी', राज्यच तयार करते. केंद्र त्याची छाननी करून बाबनिहाय मंजुरी देते. सार्वत्रिक लसीकरणाच्या लसी मात्र केंद्रच खरेदी करून पुरवते. तेवढ्यापुरता मजकूर बरोबर आहे.

अखर्चित निधीचे तिसरे विधान सर्वांत फसवे, कारण त्यातला आकडा बहुधा खरा असतो आणि अर्थ चुकीचा. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या कोषागारात येई, मग राज्याचा हिस्सा घालून अभियान राबवणाऱ्या राज्य आरोग्य सोसायटीच्या खात्यात आणि तेथून जिल्ह्याकडे जाई; पुढचा हप्ता आधीच्या रकमेच्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर, म्हणजे पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यांवर, अवलंबून असे. ही वाट आखूड करण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. तरीही रक्कम वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत हाती पडली, तर यंत्रसामग्रीची निविदा ३१ मार्चपूर्वी पूर्ण होणे अवघडच. कोषागारातून रक्कम पुढे सोडायला राज्येही विलंब लावतात, त्यामुळे दोष एकट्या केंद्राचा नाही.

शिवाय भरतीच झाली नाही, तर मंजूर पदाचा पगार खर्ची पडत नाही. ज्या जिल्ह्यात भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथे त्याच्या नावाची तरतूद वर्षअखेर जशीच्या तशी उरते, आणि सिझेरियनसाठी आलेल्या बाईला दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी देऊन पाठवावे लागते. मजकुरात हीच रक्कम शिल्लक म्हणून मोजलेली आहे.