पण सिन्सिअर आहे

चौथीत असताना बाईंनी वडिलांना शाळेत बोलावून सांगितलं, "हुशार असं नाही म्हणता येणार, पण सिन्सिअर आहे हो." वडील खुशीत घरी आले. आईने अर्थ विचारल्यावर थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे वह्या पूर्ण असतात."

तेव्हापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर आहे. आणि त्याच्याआधी 'पण' असतोच. कांदेपोह्यांच्या वेळी मामांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "पगार बेताचा, पण मुलगा सिन्सिअर." ऑफिसात तर सिन्सिअर म्हणजे शनिवारी बोलावलं तरी 'येतो' म्हणणारा.

इंग्रजीत म्हणे याचा अर्थ मनात असेल तेच बोलणारा. मूळ लॅटिन 'सिन्सेरुस', म्हणजे शुद्ध, निर्भेळ. रोमचे मूर्तिकार दगडातल्या भेगा मेणाने बुजवायचे, म्हणून सिन्सिअर म्हणजे 'बिनमेणाचा', अशीही एक गोष्ट सांगतात. कोशकार ती मानत नाहीत. माझ्या बाबतीत तर मेणच मेण आहे. मनात असेल ते मी बोललो असतो, तर एवढे शनिवार भरले असते का?

गेल्या महिन्यात मात्र ठरवलं, दोन दिवस घरी नुसतं लोळायचं. आमच्याकडे रजेचा अर्ज अजून कागदावर लागतो, तोही इंग्रजीत. 'डिअर सर' लिहिलं. कारण लिहिलं, गावी जमिनीच्या मोजणीला हजर राहायचं आहे. गावी आमच्या नावावर तुळशीची कुंडीसुद्धा नाही. खाली सवयीने 'युअर्स सिन्सिअरली' लिहून वळणदार सही ठोकली आणि मगच लक्षात आलं, आपण काय लिहून बसलोय. पण कागद तोवर साहेबांच्या टेबलावर गेला होता.

संध्याकाळी बोलावणं आलं. साहेबांनी अर्ज समोर धरलेला, हातात लाल पेन. माझ्या पोटात गोळा.

"अहो, हे काय लिहिलंत?"

"सर, ते... मोजणीचं..."

"मोजणीचं असू दे हो. 'डिअर सर' म्हटलं की खाली 'फेथफुली' येतं. नाव घालून लिहिलं असतंत, तरच 'सिन्सिअरली'." त्यांनी शब्द खोडला, वर 'फेथफुली' लिहिलं आणि रजा मंजूर केली.

दारापर्यंत पोचलो तोच मागून ऐकू आलं, "इंग्रजी कच्चं आहे, पण माणूस सिन्सिअर आहे."