मागचे पेपर कुठून आणू?

"मागच्या वर्षीचे पेपर सोडवून घ्या ना!" हे ऐकलं की डोकंच उठतं. अहो, कुठून आणू? ब्रिटनमधल्या बोर्डिंग शाळांच्या प्रवेशासाठी जी कॉमन प्री-टेस्ट असते, तिला ठरलेली प्रश्नपत्रिकाच नसते. परीक्षा संगणकावर, मूल जसं उत्तर देईल तसा पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आणि शैक्षणिक वर्षात संधी एकदाच! माझा लेक प्रत्येक उत्तर तीनदा तपासणारा. त्याची ती चांगली सवय आता मीच मोडायला बसलेय.

इंग्रजी, गणित जमतं. पण परीक्षेतलं व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग, म्हणजे शब्दांची आणि आकृत्यांची कोडी, इथल्या शाळेत शिकवतच नाहीत. म्हणून ब्रिटनमधल्या शिक्षकांची ऑनलाइन शिकवणी, तीही त्यांच्या घड्याळाप्रमाणे. तिथली दुपार म्हणजे आमच्याकडे पोराची झोपायची वेळ. पेंगुळलेल्या १० वर्षांच्या मुलाला विचारायचं, ही आकृती फिरवली तर कशी दिसेल? वेळ बदला म्हणून चारदा विनवलं. उत्तर एकच: "बाकीच्यांना चालतंय." ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागे जातील, म्हणजे वर्ग आणखी उशिरा. आणि आमची परीक्षा नेमकी त्यानंतरच!