‘वाचलेलं 10 टक्के, केलेलं 90 टक्के’: हे आकडे कुणी मोजलेलेच नाहीत

इंदूरच्या लोकमान्य नगरात मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या महिन्याभरात एकच चित्र मला वेगवेगळ्या पालकांकडून चार वेळा आलं. एक त्रिकोण आणि त्यात आकडे: वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहून-ऐकून 50, स्वतः बोललेलं 70 आणि करून पाहिलेलं 90. खाली लिहिलंय की हे अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं संशोधन आहे. तेव्हा मुलांच्या हातातली पुस्तकं काढून घ्या, चाचण्या बंद करा, त्यांना ‘ॲक्टिव्हिटी’ द्या. एका आईनं तर विचारलं, “ताई, मग आता हिला धडा वाचायला बसवू नको का?” हा प्रश्न ऐकून मला राहवलं नाही.

आधी डेल यांचं नाव. दृक्-श्राव्य साधनांनी कसं शिकवावं यावर त्यांचं पुस्तक 1946 साली आलं. त्यात एक शंकू आहे: तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. कुठलं साधन किती मूर्त आणि किती अमूर्त, एवढंच तो सांगतो. त्यात एकही टक्का नाही. उलट हे चित्र शब्दशः घेऊ नका, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. हे आकडे 1967 साली एका तेल कंपनीतल्या माणसानं नियतकालिकात छापले. सोबत ना प्रयोग, ना मोजणी. पुढे कुणीतरी ते डेल यांच्या शंकूला नेऊन चिकटवले.

आकड्यांकडे नुसतं नीट पाहिलं तरी शंका यायला हवी. सगळे दहाच्या पटीत! वीस मुलांचे पेपर ज्यानं कधी तपासलेत त्याला ठाऊक आहे, खरे गुण इतके सरळ रांगेत कधी बसत नाहीत. शिवाय काय वाचलं, कुणी वाचलं, तासाभरानं विचारलं की महिन्याभरानं, यातलं काहीच त्या चित्रात नाही.

आता ‘वाचलेलं फक्त 10 टक्के’. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. मग काही उतारे परत वाचायला सांगितले, तर काहींच्या बाबतीत कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं: 81 टक्के, आणि आठवून लिहिलेलं 75. आठवड्यानं पारडं फिरलं. नुसतं दोनदा वाचलेलं 42 टक्क्यांवर आलं, आठवून लिहिलेलं 56 वर राहिलं. म्हणजे निव्वळ वाचलेलंही दहापेक्षा कितीतरी जास्त उरलं. माझ्यासाठी याहून मोलाची गोष्ट ती पहिली पाच मिनिटं. परत वाचल्यावर ‘येतंय मला’ असं वाटतं, आणि मुलं नेमकी तिथेच फसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जो धडा पाठ वाटला तो सकाळी का सापडत नाही, त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

म्हणूनच ‘चाचण्या बंद करा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. भंवरकुआच्या कोचिंगमध्ये दर रविवारी लागणाऱ्या क्रमवारीनं मुलं कशी कोमेजतात ते मी पाहिलंय. त्या तणावाची बाजू मी घेत नाही. पण गुण न देता, कुणाला न दाखवता स्वतःची घेतलेली चाचणी ही वेगळी गोष्ट आहे. 2013 साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. सगळ्यात उपयोगी ठरल्या दोनच: स्वतःला प्रश्न विचारणं, आणि अभ्यास एका बैठकीत न उरकता दिवसांच्या अंतरानं करणं. परत परत वाचणं आणि ओळी रंगवणं तळाला गेलं.

राहिलं ‘केलेलं 90 टक्के’. नववीतल्या एका मुलीनं शाळेसाठी हृदयाचा थर्माकोलचा नमुना केला. खजुरी बाजारातून सामान आणलं, तीन संध्याकाळी घरचे सगळे लागले होते. नमुना देखणा झाला. मी विचारलं, “फुप्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त कुठल्या कप्प्यात येतं?” ती गप्प. लाल रंग दोनदा का द्यावा लागला, थर्माकोल कुठे तुटला, हे मात्र तिनं मला सविस्तर सांगितलं. तीन दिवस तिच्या डोक्यात कापणं, चिकटवणं, रंगवणं होतं. रक्ताचा मार्ग नव्हताच. मग लक्षात काय राहणार?

हातानं करण्याला माझा विरोध नाही. बॅटरी, तार आणि बल्ब घेऊन ‘तार इथे तोडली तर काय होईल, आधी सांग’ असं विचारलं की मूल तो धडा विसरत नाही. पण तिथे काम हाताचं जेवढं, त्याहून जास्त त्या ‘आधी सांग’चं. दुसऱ्याला शिकवल्यानं फायदा होतो तोही याचमुळे: आठवावं लागतं, कारण सांगावं लागतं, आणि कुठे अडतोय ते कळतं.

त्या आईला मी सांगितलं ते असं. वाचू द्या, पण एकदाच आणि नीट. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहू द्या. पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईनं भरू द्या. तीन दिवसांनी परत कोरा कागद, मग आठवड्यानं. गणितात एकाच नमुन्याची वीस उदाहरणं सलग न देता, दोन-तीन प्रकरणांतली मिसळून द्या, म्हणजे कुठली रीत लावायची हे तिला दर वेळी स्वतः ठरवावं लागेल. सुरुवातीला चुका वाढतील आणि ती कुरकुरेल. तेव्हा घाबरून थांबवू नका.

थर्माकोलवाल्या मुलीनं सोमवारी हृदय आठवून काढलं. चार कप्प्यांपैकी दोन बरोबर, बाण सगळे उलटे. काल परत काढलं: रक्त फुप्फुसांतून डाव्या अलिंदात आलं, तिथून डाव्या निलयात, फक्त महाधमनीचं नाव राहिलं. ते तिनं हिरव्या शाईनं भरलंय. पुढचा कोरा कागद शुक्रवारी.