पाच हजार वर्षांची जखम

यंदा सोसायटीच्या गणपतीत नाटक बसलं अश्वत्थाम्यावर आणि जखम आली माझ्या वाट्याला. शाळेच्या फॅन्सी ड्रेसला मी एकदा मुलाचा टोमॅटो केला होता, तेवढ्या अनुभवावर.

मणी उपटलेल्या जागी भळभळती जखम हवी होती. कुंकू आणि व्हॅसलीनवर भागलं असतं, पण मी व्हिडिओ बघितले आणि बिघडलो. जिलेटिन आणि ग्लिसरीन गरम पाण्यावर ठेवून वितळवायचं, ताटलीत थापायचं, घट्ट व्हायच्या आत काडीने मधोमध खड्डा पाडायचा.

"जिलेटिन म्हणजे कशाचं असतं रे?" आईने विचारलं. जनावरांच्या हाडा-कातड्यांचं, असं मी खरं बोलून बसलो.

"गणपती घरात असताना?" आई एवढंच म्हणाली. जुन्या चेपक्या पातेल्यासकट माझी बाल्कनीत रवानगी झाली.

सराव स्वतःच्याच मनगटावर. पहिल्या तीन जखमा जॅम सांडल्यासारख्या दिसल्या. चौथ्या वेळी अक्कल आली: सगळीकडे एकच लाल फासायचा नसतो. खड्ड्याच्या तळाशी जवळजवळ काळा, काठाकडे येईल तसा लाल, बाहेरची सूज जांभळट. रक्ताला साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको; कोको विसरलात तर रक्ताचं सरबत होतं. कोको घातलेल्या रक्ताला पहिली दाद मुंग्यांनी दिली.

अडलं ते पिवळ्यापाशी. मुका मार आधी काळानिळा दिसतो, मग हिरवट होत पिवळा पडतो. तो पिवळा काही केल्या साधेना. तासभर ब्रश घासत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू आरतीला बोलवायला आल्या.

"अरे देवा, केवढं लागलंय!" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वयंपाकघरातून हळद आणून मनगटावर दाबलीसुद्धा. काठावर हळद पसरली आणि हवा होता तो पिवळा अवतरला! (पाच हजार वर्षांच्या जखमेला तो शोभतो का, हे कुणाला विचारणार?)

प्रयोगाला अश्वत्थामा, म्हणजे आमचे सेक्रेटरी, यांच्या कपाळावर स्पिरिट गमने जखम चिकटवली. गरम पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवून कडा कातडीत विरवल्या. पडदा उघडताच पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. मी विंगेत कृतकृत्य.

शेवटच्या प्रवेशात सेक्रेटरींनी हात पसरले. "तेल द्या हो, जखमेला तेल!"

काकू उठल्या. समईशेजारची तेलाची बुधली घेतली आणि सरळ स्टेजवर नेऊन दिली.

मी विंगेतून नको-नको म्हणून हात हलवत होतो. सेक्रेटरींना ते प्रोत्साहन वाटलं. त्यांनी ओंजळभर तेल कपाळावर चोपडलं. तेल लागलं की स्पिरिट गम सुटतो. वरून हॅलोजन तापलेले, त्यामुळे जिलेटिनही पाघळलेलं. जखम निघाली. भुवई, मग नाक, मग मिशीवर क्षणभर थांबली आणि तिथून थेट पितांबरावर. खाली कपाळ कसं लख्ख!

टाळ्या थांबेनात. गर्दीतून वाट काढत काकू विंगेत आल्या.

"बघ," म्हणाल्या, "आला की नाही गुण?"