मास्टर गेज कुठाय? (एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

नमस्कार काका,

वय 63 असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. चालेल ना?

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी चिडले. सकाळी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की निम्म्या मुद्द्यांवर तुमचं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की पळताना नाडी मोजायची तर छातीवरचा पट्टाच घ्या, मनगटावरची 2 हजारांची घड्याळं म्हणजे शोभेच्या बांगड्या. व्यायामात कुठल्या वयाला नाडी किती हवी, याचा तक्ताही दिला होता. त्यावर काकांनी विचारलंय : "पस्तीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटीत काढली. दोन मापं वेगळी आली तर त्यातलं बरोबर कुठलं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मास्टर गेज कुठाय?" शिवाय त्यांचं घड्याळ घरी डॉक्टरांच्या यंत्राइतकीच नाडी दाखवतं. ते रोज पर्वती चढतात, बीपीची गोळी चालू आहे, आणि वर पोचल्यावरही घड्याळ 105 च्या पुढे जात नाही. म्हणजे माझ्या तक्त्याप्रमाणे त्यांचा व्यायामच होत नाही. आणि शेवटी : "कंपन्या किती देतात?"

शेवटच्याचं आधी. काही नाही देत. पट्टा स्वतःच्या पैशानं घेतलाय, आणि त्यानं दिलेला त्रास खाली लिहिलाय तो वाचून पुढेही कुणी देणार नाही.

आता मास्टर गेज, म्हणजे बाकीची मापं ज्याच्याशी पडताळून बघतात ते मूळ माप. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि लेखात मी तो सरळ गिळून टाकला होता. नाडीच्या बाबतीत मास्टर म्हणजे दवाखान्यातला ईसीजी. हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्यात विजेची एक लहर जाते, ती ईसीजी पकडतो. छातीवरचा पट्टा हेच काम दोन इलेक्ट्रोडवर करतो. त्याला हृदयाचं दुखणं कळत नाही, पण ठोक्याचा टोकदार उंचवटा दिसतो आणि दोन उंचवट्यांमधला वेळ मोजता येतो. म्हणजे मास्टर नव्हे, पण मास्टरवरून उतरवलेलं, रोजच्या वापराचं वर्किंग गेज म्हणा.

घड्याळाचं काम वेगळ्याच तत्त्वावर चालतं. तळाशी हिरवे दिवे लुकलुकतात ते तुम्ही पाहिले असतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, ओसरलं की वाढतो. ही चढउतार मोजून घड्याळ नाडीचा अंदाज बांधतं. म्हणजे ते हृदय बघत नाही, हृदयाचा मनगटापर्यंत आलेला निरोप वाचतं. तुम्ही शांत बसलेले असलात तर निरोप नीट पोचतो. त्यामुळे घरी तुमचं घड्याळ डॉक्टरांच्या यंत्राशी जुळतं यात काही नवल नाही, आणि "शोभेची बांगडी" हे माझं वाक्य चूक होतं. मागे घेते. स्टॅनफर्डमध्ये 60 जणांवर 7 घड्याळं तपासली होती, 2017 साली निकाल छापून आला. त्यातल्या 6 घड्याळांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. (कॅलरी मात्र एकालाही धड मोजता आल्या नाहीत. त्यातल्या त्यात बऱ्याचीही सरासरी चूक 27 टक्के, सगळ्यात वाईटाची 93. तेव्हा घड्याळानं 400 कॅलरी दाखवल्या म्हणून मिसळीवर जादा तर्री घेऊ नका.)

पण त्या चाचण्या ट्रेडमिलवर आणि जागच्या सायकलवर झाल्या होत्या. पर्वतीवर नव्हे.

म्हणून तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी रविवारी पर्वतीला गेले. छातीला पट्टा, डाव्या मनगटावर मैत्रिणीचं 2 हजारांचं घड्याळ आणि तिसरं माप म्हणून उजव्या हाताची दोन बोटं. पायथ्याच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसले. पट्टा 78, घड्याळ 78. बोटांनी 15 सेकंदांत 19 ठोके मोजले, गुणिले चार म्हणजे 76. (तुम्ही लगेच म्हणाल की या पद्धतीचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारा लहानात लहान फरकच, 4 आहे. आहेच. म्हणून नंतर 30 सेकंद मोजायला लागले.)

मग 103 पायऱ्या न थांबता चढले. वर पोचले तेव्हा पट्ट्यावर 151 आणि घड्याळावर 112. कठड्याला टेकून दोन्हीकडे बघत उभी राहिले. साधारण अर्ध्या मिनिटानं घड्याळ 138 वर आलं, पण तोपर्यंत पट्ट्यावरचा आकडा उतरून 127 झाला होता. लोकलचा इंडिकेटर गाडी सुटून गेल्यावर बदलतो ना, तसं. घड्याळ खोटं बोलत नव्हतं, शिळं बोलत होतं. असली घड्याळं गेल्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतात, त्यात चढताना मूठ आवळलेली, मनगट हलतंय. मग उशीर होणारच.

दुसरा प्रकार याहून वाईट. खाली उतरून सपाट रस्त्यावर पळाले. घड्याळ 172 दाखवायला लागलं, पट्टा 148. घाबरायच्या आधी पावलं मोजली, तर मिनिटाला 172 च्या आसपास! हात हलतो तेव्हा मनगटातलं रक्तही त्या तालावर हिंदकळतं आणि घड्याळ ठोके सोडून पावलं मोजत बसतं. डावा हात छातीशी धरून पळाले, तर थोड्याच वेळात आकडा 150 वर आला.

हे मुद्दाम सविस्तर सांगतेय, कारण तुमच्या भाषेतला फरक इथेच आहे. मायक्रोमीटरला झीरो एरर असेल, म्हणजे शून्याच्या जागी तो ठरावीक आकडा दाखवत असेल, तर तो वजा करून काम भागतं. घड्याळाची चूक कायम 10 नं कमी असती, तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते बसल्यावर बरोबर, चढताना 39 नं कमी आणि पळताना 24 नं जास्त. काय वजा करणार? असं गेज तुमच्या टेबलावर आलं असतं तर तुम्हीच लाल शिक्का मारून बाजूला ठेवलं असतं. निदान त्या कामापुरतं तरी.

पट्टाही काही देव नाही. इलेक्ट्रोड कोरडे असले तर पहिली पाच-दहा मिनिटं तो वाट्टेल ते दाखवतो, थंडीत जास्तच, कारण घाम यायला वेळ लागतो. पाण्यानं ओला करून बांधायचा. सिंथेटिक टी-शर्ट वाऱ्यानं फडफडला की स्थिर विजेमुळे एकदम 210 वगैरे दिसतं. आणि माझा पट्टा दीड वर्षात मेला. मध्येच शून्य दाखवायचा. मी नाण्याएवढा सेल बदलला, पुन्हा बदलला, दुकानदारानं तिसरा सेल विकला. शेवटी भिंग घेऊन बघितलं तर पट्ट्याच्या टिचबटणांवर हिरवट थर. घामाचं मीठ! पळून आल्यावर पट्टा तसाच पिशवीत कोंबायची सवय, दुसरं काय. आता रोज साध्या पाण्यानं धुते आणि सेन्सर काढून वेगळा वाळवते. कंपनीनं सुटा पट्टा द्यायला दोन महिने लावले, म्हणून घेण्याआधी एवढं विचारा : नुसता पट्टा सुटा मिळतो का, आणि सेल घरी बदलता येतो का.

बायकांसाठी एक गोष्ट लेखात लिहायची राहिली होती. पट्टा नेमका स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली येतो, दोन्ही ओले झाले की काचतं आणि लांब पळताना साल निघते. माझ्या ग्रुपमधल्या तिघी आता दंडावर बांधायचा सेन्सर वापरतात. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटाइतका हलत नाही आणि तिथं मांस असतं, त्यामुळे आकडा बराच सरळ येतो. आणि मनगटावरच घालायचं असेल तर बांगड्यांच्या मागेपुढे सरकणारं घड्याळ काहीही मोजत नाही. हाडापासून बोटभर वर, घट्ट. पळून झाल्यावर सैल करा.

आता तुमचे 105. लेखातला तक्ता "220 वजा वय" या सूत्रावर होता. तुमच्यासाठी 157. हे सूत्र जगभर जिमच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं, पण त्याचं मूळ शोधणाऱ्यांना 2002 साली आढळलं, की ते कुठल्या धड प्रयोगातून आलेलंच नाही. 1971 च्या एका निबंधात जमवलेल्या आकड्यांवरून अंदाजानं ओढलेली ती रेघ होती. 2001 साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून दुसरं सूत्र आलं : 208 वजा वयाच्या 0.7 पट. त्यानं तुमचे 164 होतात. आणि कुठलंही घेतलं तरी माणसामाणसांत 10-12 ठोक्यांचा फरक सहज पडतो. ज्या ड्रॉइंगवर असा टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) आहे त्यावरून गो, नो-गो (पास, नापास) ठरवू नका. तो तक्ता मी लेखातून काढलाय.

पण तुमच्या बाबतीत सूत्राच्याही आधी त्या गोळीचं बघायला हवं. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. त्याच्या शेवटी "लॉल" आहे का बघा : मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल. असेल तर तो बीटा ब्लॉकर. "वेग वाढव" हा अ‍ॅड्रेनलिनचा निरोप तो हृदयापाशी अडवतो. त्यामुळे चढावरही नाडी फार वर जात नाही. पायांना, फुप्फुसांना काम तेवढंच पडतंय. तुमचा व्यायाम होतोय, काका. माझा तक्ताच तुमच्यासाठी नव्हता, आणि तसं मी लिहायला हवं होतं. बीपीच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात, तुमची यातली नसेलही. आकडा वर जावा म्हणून गोळी मात्र टाळू नका. बीटा ब्लॉकर एकाएकी सोडणं धोक्याचं असतं.

दुसरा संशयित तुमचं घड्याळ. माझ्या मनगटावर मैत्रिणीच्या घड्याळानं वर पोचताना 39 ठोके खाल्ले, तुमच्या मनगटावर तुमचं का नाही खाणार? शोधून काढणं सोपं आहे. वर पोचल्या पोचल्या अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजा. (इथे 30 नको, तेवढ्यात नाडी उतरते. मान दाबू नका, या वयात तर नकोच.) बोटांनी 104-108 आले तर ते गोळीचं काम, 130 च्या आसपास आले तर घड्याळाचं. एवढ्यासाठी पट्टा विकत घ्यायची गरज नाही.

आणि रोजच्यासाठी बोलून बघा. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येताहेत, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांवर दम लागत असेल तर जास्त होतंय. गोळी असो नसो, हे माप चालतं. छातीत दुखलं, थंड घाम फुटला, चक्कर आली तर आकडा कितीही चांगला दिसत असू दे, थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

तुमच्या प्रतिक्रियेत जाता जाता एक ओळ आहे, "घड्याळात बीपीही रोज बघतो, 120 च्या आसपास असतं." ती वाचून मला काळजी वाटली. आमच्याकडे एक जुना, नाव नसलेला बँड होता. मुलानं गंमत म्हणून तो ओट्यावरच्या दुधी भोपळ्याला बांधला. दुधीची नाडी 76, बीपी 118/77. अर्ध्या तासात दुधीची भाजी झाली, तोवर तब्येत उत्तम होती! हिरव्या दिव्यावरून बीपी काढणं हे निव्वळ गणित असतं, आणि त्या गणिताला अधूनमधून खऱ्या मापाशी जुळवावं लागतं. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय जिथे आहे, तिथेही ती दर 28 दिवसांनी कफच्या (दंडाला गुंडाळून हवा भरतात त्या पट्टीच्या) यंत्राशी जुळवायला सांगतात. तुमचं घड्याळ कफ मागत नसेल तर ते कशाशी जुळवलंय? मास्टर गेज कुठाय? हा तुमचाच प्रश्न. दंडावर कफ बांधायचं यंत्र घरी ठेवा, वर्षातून एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी पडताळा. पैसे खर्चायचे असतील तर तिथे.

मग पट्टा कुणी घ्यावा? जे चढ-उताराचा सराव करतात, 2 मिनिटं जोरात आणि 2 मिनिटं सावकाश असं पळतात, साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला उतरतात, त्यांनी. तिथे अर्धा मिनिट शिळा आकडा काहीच कामाचा नाही. घेताना ब्लूटूथ आणि अँट प्लस (बिनतारी जोडणीचे दोन प्रकार) दोन्ही असलेला घ्या, म्हणजे फोनलाही लागतो आणि घड्याळाला किंवा सायकलच्या कॉम्प्युटरलाही. आणि आपलं घड्याळ बाहेरचा पट्टा जोडू देतं का ते आधी बघा, बरीच स्वस्त घड्याळं देत नाहीत. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

तुम्ही आहे तेच घड्याळ ठेवा. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पडल्यापडल्या नाडी बघा आणि वहीत लिहा. त्या वेळी ते बरोबर असतं हे तुम्हीच सिद्ध केलंय. रोजच्यापेक्षा एकदम दहाएक ठोके जास्त दिसले तर झोप झाली नाही, ताप येतोय की आणखी काही, हे बघा. आणि तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी साडेसहाला मी पायथ्याच्या कट्ट्यावर असेन. जादा पट्टा आणते, धुऊन. तुम्ही वही आणा आणि गोळीचं पाकीट खिशात ठेवा, नाव मिळून वाचू.