रीड-ओन्ली खात्याचा भरवसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लॉगिन केल्यावरच वापरता येणाऱ्या त्रुटीला मी 'गंभीर' म्हटलं, हा उगाच केलेला बाऊ आहे, असा तुमचा आक्षेप आहे. तुम्ही म्हणता, तुमचं एनएमएस (नेटवर्कमधली सगळी उपकरणं सांभाळणारी प्रणाली) व्हीपीएनच्या आड आहे, पासवर्ड कडक आहेत आणि शिफ्टमधल्या मंडळींकडे फक्त रीड-ओन्ली, म्हणजे नुसती बघण्याची मुभा असलेली, खाती आहेत.

व्हीपीएनबद्दल दुमत नाही. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही जून २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय खात्यांना हेच बजावलं होतं: मॅनेजमेंट इंटरफेस (उपकरणाचा कारभार चालवायचं पान) उघड्यावर सापडला, तर १४ दिवसांत इंटरनेटवरून काढा, नाहीतर त्याच्यापुढे वेगळं प्रवेशनियंत्रण बसवा.

माझी काळजी त्या रीड-ओन्ली खात्यांची आहे. कित्येकदा रीड-ओन्ली म्हणजे 'बॅकअप डाउनलोड' हे बटण पडद्यावर दिसत नाही, एवढंच. त्यामागची एपीआय (बटणाची मागणी सर्व्हरकडे नेणारी वाट) चालूच असते. हा माणूस कोण, हे सर्व्हर तपासतो. याला हे करायची मुभा आहे का, हे तपासायचं राहून जातं. कडक पासवर्डाचा इथे काही उपयोग नाही, कारण आत आलेला माणूस खऱ्या पासवर्डानेच आलेला असतो.

आणि एनएमएसच्या पोटात काय असतं, ते आठवा. सगळ्या स्विच-राउटरांच्या एसएनएमपी स्ट्रिंग (उपकरणांवर नजर ठेवायला लागणारे परवलीचे शब्द), एसएसएचने दुरून लॉगिन करायचे पासवर्ड, कॉन्फिगचे बॅकअप. शिवाय उपकरणांच्या एसीएलमध्ये (कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) एनएमएसच्या आयपीला आधीच मोकळीक असते, त्यामुळे तिथून गेलेली कमांड कुणाला खटकत नाही.

कधीकधी तर ओळखीची तपासणीही टळते. २०२३ मध्ये सिस्कोच्या उपकरणांवरच्या आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब यूआयमधून लॉगिन न करताच लेव्हल १५ चं, म्हणजे सर्वाधिक अधिकारांचं, खातं तयार करता येत होतं. २०२४ मध्ये पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलवर रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या एका हेडरमध्ये 'ऑफ' लिहून पाठवलं, की लॉगिनची तपासणीच होत नसे.

माझ्या शब्दावर जाऊ नका, चाचणीच्या सर्व्हरवर स्वतः करून बघा. ॲडमिन म्हणून बॅकअप उतरवा, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून ती रिक्वेस्ट कॉपी करा, सेशन कुकी (लॉगिन झालेल्याची खूण) तेवढी रीड-ओन्ली खात्याची घाला आणि पुन्हा पाठवा. ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा कोड, आला तर निदान त्या रिक्वेस्टपुरतं ठीक. युझर तयार करण्याच्या आणि पासवर्ड बदलण्याच्या रिक्वेस्टही तशाच तपासा. फाइल उतरली, तर व्हेंडरला लगेच कळवा आणि पॅच येईपर्यंत ज्यांना अगदीच गरज नाही त्यांची खाती बंद ठेवा.